मूळ गाव तुर्काना, ह. मु. चिखली

चिखली,
१२ जानेवारी २०२५

चि. आम्रपालीस,
कस्तुराआत्याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तुझ्या उत्खननाच्या तळावर फोनला रेंज नाही, हे एका परीने बरंच. पत्रात मला कुणी मध्येच तोडत नाही. तुझ्या भावाने लग्न ठरवलंय. मुलगी निशिगंधा, त्याच्याच चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. म्हणजे समाधानला तिने तपासूनच पास केला असणार. कसा, ते मला विचारू नकोस.

रविवारी पुनावळ्याला तिच्या घरी गेलो. वडील सोपानराव, सज्जन माणूस. पोहे झाले, चहा झाला आणि त्यांनी विचारलं, मूळचे कुठले? नुसत्या गायकवाड या आडनावावरून पत्ता लागेना ना! घर भाड्याने घेताना हा प्रश्न ऐकून ऐकून मला उत्तर तोंडपाठ आहे. पण समाधानचा चेहरा दिसला आणि माझी ही एवढी जीभ अडखळली. पर्समध्ये तुझं केनियातून आलेलं पत्र होतं, त्यावर तुझा पत्ता. बोलून गेले, तुर्कानाचे. लातूरकडे का, म्हणाले. म्हटलं, त्याच्याही पुढे. तिकडे आमचे साडू आहेत, चौकशी करतो म्हणाले.

खरं सांगायची लाज वाटली का, एवढं विचारून समाधान ओव्हरटाइमला गेला, तो अजून माझ्याशी बोलत नाही. मुलगी जाईल ती जाईल, माझा पोरगा जातोय गं. काय करू, लिही. उन्हात डोक्याला रुमाल बांधत जा.

तुझीच,
आत्या

तुर्काना सरोवर, केनिया,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
आम्रपालीचा सविनय जयभीम.

पत्र वाचून इतकी हसले की तळावरचे सगळे गोळा झाले. सोपानरावांच्या साडूंना इथवर पाठव, चाळणी धरायला माणूस हवाच आहे. आम्ही तरी दुसरं काय करतो? माती चाळून लाखो वर्षांपूर्वीच्या माणसांना मूळचे कुठले, हेच विचारतो. तेव्हा तू खोटं बोलली नाहीस. सोपानरावांचंही गाव तेच, एवढं सांगायचं राहिलं.

परवा मला दात सापडला. अर्ध्या चिंचोक्याएवढा, कुणा लेकराचा दुधाचा. आधी वाईट वाटलं, एवढंसं पोर गेलं म्हणून. मग भिंगाखाली पाहिलं, तर त्याला मूळच नाही. खालून नवा दात येतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, आणि मग तो पडतो. म्हणजे लेकरू गेलं नव्हतं. दात टाकून खेळायला पळालं होतं. मूळ नव्हतं, म्हणूनच कळलं की ते वाढत होतं.

आई-बाबा गेल्यावर तू आम्हा दोघांना शाळेत घातलंस. बाईंनी मूळ गाव विचारलं, मी सांगितलं, आत्या. सगळे हसले, एक समाधान सोडून. माझं उत्तर अजून तेच आहे. पण आपल्या खऱ्या गावाची, शिरूळची लाज कशाला? सोपानरावांना घरी बोलाव. भिंतीवरचे फोटो काढू नकोस.

इथे पाणी बेताचंच मिळतं. लोभ मात्र भरपूर पाठवावा.

तुझी,
आम्रपाली

चिखली,
९ मार्च २०२५

चि. आम्रपालीस,
सप्रेम जयभीम.

काल सोपानराव लेकीला घेऊन आले. साडूंनी अख्खा मराठवाडा पालथा घातला, तुर्काना काही मिळालं नाही, असं सांगतच आत शिरले आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर थबकले. मी म्हटलं, आम्ही शिरूळचे, उदगीरजवळच्या. त्या दिवशी धीर झाला नाही. तुर्काना त्याच्याही आधीचं, तुमचंआमचं दोघांचं. मग तुझ्या दाताची गोष्ट सांगितली.

ती ऐकून सोपानराव म्हणाले, पोरांनी ठरवलंय ते होऊ दे. पत्रिकेत मात्र तुर्कानाच छापा, भावकीत कुणाला काय कळतंय! मला मोह झाला गं. पोराचा संसार उभा राहतोय, एका ओळीचं काय एवढं! हो म्हणणार, तोच समाधान उठला. म्हणाला, आमचं मूळ गाव म्हणजे ही आत्या. ते छापता येत नसेल, तर शिरूळ छापा. निशिगंधा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. क्वालिटीचा शिक्का!

मी ओट्याकडे तोंड फिरवलं. कांदा चिरत नव्हते, हेही कबूल करते. सोपानरावांनी पत्रिकेचा कच्चा कागद मांडीवर घेतला. मग चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि मान वर न करता विचारलं, शिरूळमधल्या रूला पहिला उकार की दुसरा?

दुसरा, म्हटलं.

लग्न मेअखेरीस. तळ उठला की सरळ मूळ गावी ये.

वाट पाहणारी,
आत्या