खिडकीच्या फटीतलं प्रमाणपत्र

ह्यूदादा,

घर ऊब किती धरतं याच्या सरकारी तपासणीत आपल्या घराला ‘एफ’ श्रेणी मिळाली. पण तू कामावरून दमून आला असशील, तेव्हा आधी चहा घे. घर तपासायला कोणी आलंच नव्हतं असं समज.

जे आलेच नव्हते ते प्यूसाहेब सकाळी दहाला आले. थंडी अडवायला भिंतींत लोकर भरल्याचं प्रमाणपत्र त्यांनी मागितलं. कागद नसेल तर ते भिंत पोकळच धरतात म्हणे. आता कागद आहे, पण तो जानेवारीपासून माझ्या खिडकीच्या फटीत आहे. फट बुजवून दे म्हटलं, तेव्हा तूच म्हणालास ना, "कागद कोंब आणि गप झोप"? हाताला लागला तो कोंबला.

"मग काढून दाखवा की," साहेब म्हणाले.

"वारं येईल हो आत."

त्यांनी खिडकीपाशी हात धरून पाहिला आणि कोटाची बटणं लावली.

‘एफ’वालं घर भाड्याने देता येत नाही. हे मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं, ऐकायला फार गोड वाटत होतं. तेव्हा एक तारखेला मला काढून तू जे भाडेकरू आणणार होतास, त्यांना कळव. माझी बॅग पुन्हा पलंगाखाली गेली आहे. कागद मे महिन्यात काढू.

मनुकांचा पाव, आपला बारा ब्रिथ, साहेबांनी संपवला. चुरा तुझ्यासाठी झाकून ठेवलाय.

सबब, गेले तीन हिवाळे आपल्या खिशात असलेली हीटरची किल्ली अर्जदार बहिणीच्या ताब्यात कायमस्वरूपी देण्यात यावी, ही नम्र विनंती.

माब्ली