चुलीचा तुकडा

श्रावण वद्य पंचमी

दगडू लोहार आज तापी उतरून पुन्हा कचेरीत आला. फडक्यातून चुलीचा एक तुकडा काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. काजळलेला, अजून राखेचा वास येणारा.

"चूल फोडी टाकी, रावसाहेब. बायको आंगनमा पानीमा रांधी ऱ्हायनी. आते परवाना भेटी ना?"

त्याला घरी बसून बंदुका दुरुस्त करायच्या आहेत. मागच्या आठवड्यात त्याच्या अर्जात, दुरुस्तीला आलेल्या बंदुकीपुढे मी 'काडतुसाची बंदूक' लिहिलं, तर हा चारचौघांत हसला. "ठासणीनी शे ती, नळीमा दारू ठासतस! तुमले इतलं बी समजस नई का?" शिपाईसुद्धा हसला. मग मी सांगितलं, जिथं चूल पेटते त्या घरात बंदुकीची दारू चालणार नाही. असा नियम आहे का कुठे? नाही. त्या क्षणी सुचला, झालं.

आज तरी खरं सांगायला काय हरकत होती? नाही सांगितलं. म्हणालो, आता धुराचं भोकही बुजव, मग ये. तो मान डोलावून उठला. जाताना मात्र तुकडा परत मागू लागला; माती बायकोनं माहेराहून आणलेली म्हणे. म्हटलं, पुरावा आहे, कचेरीत जमा झाला.

यंदा कोणालाही नवा परवाना देऊ नये, हा वरचा हुकूम महिनाभर माझ्या टेबलावर उघडाच पडला आहे. दगडूला वाचता येत नाही. त्यानं तुकडा ठेवला तो नेमका त्याच कागदावर.

मी तो हलवला नाही. कागद आता उडत नाही.