एका पायावरचं चित्रीकरण

आदरणीय साडूभाऊ,

दोन्ही पाय शाबूत असलेल्या माणसाचा प्लास्टरमधल्या माणसाला सप्रेम नमस्कार. पाय उंच ठेवता ना? (नुसता उशीवर नव्हे, छातीच्या पातळीच्या वर.) खाज सुटली की ताईंची विणायची सुई प्लास्टरमध्ये सरकवता असं कळलं, ते ताबडतोब बंद करा. शिडीवर चढण्याआधी ती धरणारा माणूस फोनवर बोलत नाही ना, हे बघायचं असतं, असं मी मागेही म्हणालो होतो. असो. इकडे सगळे ठीक. माझा उजवा खांदा तेवढा आखडलाय, त्याचं कारण खाली येईलच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.

तर भिंगरीच्या व्हायोलिनचं चित्रीकरण अजून कसं आलं नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पोरगी पहिल्यांदाच स्टेजवर एकटी वाजवणार, तुम्ही पलंगावर, ताई तुमच्यापाशी, आणि जबाबदारी माझ्यावर. निघताना भिंगरी म्हणाली, "काका, बाबांना माझी बोटं दिसली पाहिजेत हं. आणि या वेळी मी हलणार नाही ना?" या वेळी! मागच्या सहलीचं माझं चित्रीकरण बघून ताईंना मळमळलं होतं, ते पोरीच्या मनात बसलंय. (त्या दिवशी ताईंनी उन्हातून आल्या आल्या सरबत प्यायलं होतं, हे कुणी लक्षात घेत नाही.) म्हणूनच मी मोनोपॉड आणला. मोनोपॉड म्हणजे कॅमेऱ्याखाली लावायची एकच दांडी. तिला खाली तीन बोटांचा पंजा, पंजात गोल फिरणारा सांधा, तो सैल करायला पायाने दाबायचं पेडल, वर मागे-पुढे झुकणारी मान, मनगटात अडकवायचा पट्टा आणि कंबरेला बांधायची खोळ. खोळीत दांडीचं टोक बसवलं की भार कंबरेवर येतो. मी हे सगळं बांधून घरात उभा राहिलो तेव्हा तुमची मेहुणी म्हणाली, "मिरवणुकीत झेंडा धरायचाय का?" माणसाने स्वतःच्या हिमतीवर काही शिकावं तरी कसं?

दुकानदार मला म्हणाला, "साहेब, पंजा असला तरी ही आपली आपण उभी राहत नाही हां. हात सोडायचा नाही." मी म्हणालो, "मला सांगता?" माहितीपुस्तिका मी मलपृष्ठासकट वाचली आहे. पाय फाकवून, कोपर बरगडीला, श्वास अर्धा सोडून थांबायचं. म्हणजे आपले दोन पाय आणि दांडीचा एक. तुम्हीही सध्या कुबडीवर तेच करताय, फक्त बेशिस्तीने. हात सोडायचा नाही, हे मी घरात प्रत्येकाला बजावलं. शेजारच्या वकिलांनाही बजावलं, त्यांचा संबंध नसताना.

सभागृहाच्या दाराशी रखवालदार म्हणाला, "काठी बाहेर ठेवा." मी सांगितलं, ही काठी नव्हे, हा आधार आहे. "पायाला लागलंय का? मग पुढे ज्येष्ठांत बसा की," असं म्हणून त्याने मला तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. मला अगदी हीच जागा हवी होती, त्यामुळे मी खुलासा केला नाही. (खुर्चीपर्यंत किंचित लंगडलो. त्याचं मन कशाला मोडायचं?) बायकोला बरोबर माझ्या मागची खुर्ची मिळाली. तिथून ती म्हणाली, "ज्येष्ठ, जरा डोकं खाली घ्या."

मग सुरू झाली ती लोकांची अडाणी वागणूक. शेजारच्या बाईंच्या पर्सचा पट्टा माझ्या पंजाच्या बोटात अडकला, आणि मी खाली वाकून सोडवायला गेलो तर त्यांनी पर्सच छातीशी धरली. दुसऱ्या बाजूच्या गृहस्थांनी पाय लांब केला तो नेमका पेडलवर. सांधा सैल होऊन कॅमेरा त्यांच्या खांद्यावर मान टाकून बसला. मी म्हणालो, "तुमचा बूट माझ्या पेडलवर आहे." ते म्हणाले, "इथे शिलाई मशीन आणलंय का?" यावर लोक हसले. अशा समाजात कला वाढायची कशी? तरीही प्राचार्यांचं भाषण मी पूर्ण घेतलं. काडीचंही हललेलं नाही. कुणाला हवं असेल तर आहे माझ्याकडे.

आणि भिंगरी आली. एरवी जेवतानाही एका जागी न बसणारी पोर, साडूभाऊ, स्टेजच्या मधोमध येऊन अशी उभी राहिली की मी बघतच राहिलो. हनुवटी टेकवली, गज उचलला. टाळ्या सुरू झाल्या, आणि मी टाळ्या वाजवल्या.

दोन्ही हातांनी.

(एका हाताने टाळी वाजवायची सोय कोणत्याही मोनोपॉडमध्ये नाही. हा उत्पादनातला दोष आहे, मी कंपनीला कळवणार आहे.) मनगटाचा पट्टा मी काढून ठेवला होता, घाम येत होता म्हणून. दांडी पुढच्या खुर्चीवर आदळली. मी ती क्षणात सावरली, पण कॅमेऱ्याचा पडदा काळा पडला होता. चित्रीकरणाचा लाल दिवा मात्र लागलेला! म्हटलं, पडदा गेला तर गेला, आत चित्र येत असणार. मग नियमाप्रमाणे कोपर बरगडीला लावलं, श्वास अर्धा सोडला आणि शेवटपर्यंत दगडासारखा बसलो. मध्येच बायकोने मागून खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत चारचौघांत असा धीर तिने प्रथमच दिला. मला भरून आलं, मी आणखी स्थिर झालो.

घरी येऊन बघितलं. आदळताना दांडीची मान ढिली पडून कॅमेरा खाली झुकला होता. पुढच्या खुर्चीची पाठ, तिची शिवण आणि एक निसटलेला धागा, एवढं आलंय. आवाज स्वच्छ आहे. आणि चित्र इतकं स्थिर, की धाग्याचा पीळसुद्धा मोजता यावा. भिंगरीला अजून सांगितलेलं नाही. ताईंना नमस्कार.

आपला,
साडू

ता. क. "तिपाई म्हणजे कुबडी" असं म्हणून मी तुम्हाला दिलेला ट्रायपॉड तुमच्याकडे असेलच. तुम्हाला सध्या कुबडी आहे, तेव्हा तो परत पाठवावा. त्यावर ताईंनी मनीप्लँट ठेवल्याचं समजलं. कुंडी अलगद उतरवावी.

ता. ता. क. पाकीट चिकटवत असताना बायकोने तिचा मोबाइल समोर धरला. तिने सगळं चित्रीकरण केलंय आणि माझ्यापासून दडवून ठेवलं होतं. "आधी तुम्ही साडूभाऊंना खरं लिहा, मग देते," म्हणाली. सोबत पेन ड्राइव्ह आहे. भिंगरीचं बोट न् बोट दिसतं, कुठे हलत नाही. खांद्यावर होता तो हात नव्हता, मोबाइल होता. डाव्या कडेला सतत दिसतो तो माझा उजवा कान. कृपया कापू नये. शेवटच्या सुराला मात्र चित्र जरा थरथरतं. ती चूक तुमच्या मेहुणीची नाही. तिथे स्टँड हलला.