टिंबांची वाट

७ जानेवारी
सापडली! शंभर वर्षांपूर्वीच्या सर्व्हेच्या नकाशावर, आमच्या कोळवणच्या वरच्या अंगाला, टिंबांची बारीक रेघ. टिंबं म्हणजे पायवाट. वरच्या वाडीपासून खिंडीतून थेट बाजारात! आणि तो पुण्याचा बंगलेवाला तारा ठोकून सांगतो, इथे वाट कधी नव्हतीच. आता बोल म्हणावं.

९ जानेवारी
ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर परदेशातले रस्ते आखते. आज पहिल्यांदा घरचं काम. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवला. खिंड, सुळका, नदीचं वळण – न हलणाऱ्या खुणाच धरल्या. देवळंसुद्धा जागा बदलतात! तिन्ही खुणा चपखल बसल्या. माझ्यासारखी मीच.

१० जानेवारी
अम्मी म्हणते, लग्नाचं वय नकाशात गेलं. जाऊ दे!

१८ जानेवारी
वाडीच्या लीलाबाईंबरोबर तारेपर्यंत वाट चालले. त्या रोज दूध घेऊन खाली येतात. तारा ठोकल्यापासून डोंगराला वळसा पडतो, एसटी चुकते, दूध नासतं. मोबाइलवर माझं टिंब आणि पायाखाली झिजलेला कातळ – एकाच जागी! मला तिथेच नाचावंसं वाटलं. लीलाबाईंनी विचारलं, ही वाट गोऱ्या साहेबाने काढली का तू? म्हटलं, तुमच्या आजेसासवांनी. त्या लाजल्या.

२ फेब्रुवारी
वाडीच्या अर्जावर तहसील कचेरीत सुनावणी झाली. नकाशा मान्य! वाट मोकळी करायचा हुकूम. बंगलेवाल्याच्या वकिलाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.
अब्बा खताच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगताहेत, "माझ्या नाजनीननं काढलाय नकाशा!" काढला सर्व्हेवाल्यांनी, मी फक्त बसवला. पण सांगू देत. ऐकायला फार बरं वाटतंय.

११ फेब्रुवारी
मोजणीवाले आले. तारा निघाल्या. लीलाबाई बंगल्याच्या हिरवळीवरून ताठ मानेने चालत आल्या. मोजणीवाल्यांची चुन्याची रेघ त्यांच्या मागोमाग उतरत उतरत बाजारात आली आणि थेट आमच्या दुकानात शिरली. पडवीतून, गोण्यांच्या थप्पीतून.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. इथे थोडी चूक असेल, एवढंच म्हणायचं होतं.
अब्बांनी विचारलं, "नकाशा खरा हाय ना?"
"व्हय."
त्यांनी पहार घेतली आणि पडवीचा पहिला पत्रा स्वतःच उचकटला.