मिनूच्या मशीनवरचं अपडेट

१९ मे, मंगळवार

पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळपासून तेच रडगाणं. ब्राउझरमध्ये भोक सापडलंय, नुसतं एखादं पान उघडलं तरी चोर आत शिरतो, पॅच आलाय, अपडेट करून घ्या. कालपासून घसा फोडून सांगते आहे. अर्ध्या लोकांनी ‘नंतर’ दाबून ठेवलंय. अकाउंट्सचे तिवारीजी म्हणतात, "मैडम, चल तो रहा है." चल तो रहा है! घराला आग लागली तरी हा माणूस म्हणेल, पंखा तर चालू आहे. शेवटी त्यांना खुर्चीसकट बाजूला ढकललं आणि स्वतः केलं. तक्रार करणार म्हणे. करा.

संध्याकाळी चौबे कॉलोनीत धाकट्या बहिणीकडे, मिनूकडे. आईने धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायला पाठवलं होतं. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, जावयाचा मान. जावई घरी नव्हता. मिनू म्हणाली, "ताई, क्लास घेता घेता अटकून राह्यलं हे, पाह्य ना जरा." ती घरूनच शाळेच्या मुलांना गणित शिकवते, मशीन अडलं की सगळंच अडतं. मला कुणाकडेही गेलं की चहाच्या आधी मशीन मिळतं, त्यात नवीन काही नाही. अपडेट केलं, बंद करून चालू केलं. वर पट्टी आली: ब्राउझरला जोडलेलं एक एक्स्टेंशन असुरक्षित म्हणून बंद केलंय, काढून टाकायचं का? टाकलं. नावसुद्धा वाचलं नाही. लॅबमध्ये हा कचरा रोज काढते, हात आपोआप जातो.

मशीन पळायला लागलं. मिनू खूश. पोट्टी बऱ्याच दिवसांनी दात दाखवून हसली.

२० मे

मिनू फोन उचलत नाही. दुपारी मेसेज: "बाथरूममध्ये पडली. बरी आहे. येऊ नको."

पडली तर पडली. येऊ नको कशाला?

२१ मे, गुरुवार

गेलेच. तिचा नवरा ऑफिसला गेल्यावर.

डाव्या मनगटाला प्लास्टर. ओठ फाटलेला. ओढणी गळ्याभोवती घट्ट, घरात, ह्या उकाड्यात. मी ओढणी ओढली. गळ्यावर निळं काळं. म्हटलं, बाथरूमने गळा पण दाबला का?

मग बोलली. तुकड्या-तुकड्यात. ती मशीनवर काय उघडते, कुणाला काय लिहिते, सगळं त्याला ऑफिसात मोबाइलवर दिसायचं. तिला पत्ता नव्हता. मंगळवारी संध्याकाळी ते दिसायचं थांबलं. मी निघाल्यावर थोड्याच वेळात तो आला, दार आतून लावलं, "किसने निकाला?" एवढंच विचारत राहिला. काय निकाला हे हिला कळेना, म्हणून ही गप्प. गप्प म्हणजे लपवते. भिंतीवर डोकं आपटलं. मग हात पाठीमागे पिळला. "आवाज आला ताई. पहिले मले वाटलं खुर्ची मोडली."

पट्टी. काढून टाकायचं का. टाकलं.

मी केलं हे मिनूच्या नंतर ध्यानात आलं. तरी माझं नाव सांगितलं नाही तिने. मीच केलं हे. माझ्या हाताने.

आई-बाबांना सांगू नको म्हणते. "धोंडा होऊन जाऊ दे, मग पाहू. आईनं किती दिवसांपासून तयारी चालवली हाय." शपथ घातली.

ह्यापुढे त्याला नुसतं नि. लिहिणार. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.

२३ मे

आईबरोबर सदर बाजार. जावयाला द्यायला चांदीचा दिवा. आई एकेक दिवा उलटा करून बघते आहे, आमच्या जावयाले जड पाहिजे म्हणते. मी शेजारी उभी. जड दिवा कशाकशाला उपयोगी पडतो ते माझ्या मनात चाललेलं.

बाहेर आलो तर एक स्कूटरवाला आईच्या पदराला घासून गेला. मी त्याची कॉलर धरली. धरली ती सोडेना. तो "छोड़ो दीदी, छोड़ो" करतोय, लोक जमले, त्याच्या शर्टाचं बटण माझ्या हातात आलं. आईने मला ओढून काढलं. "तुले काय झालं वं? काहून अशी करून राह्यली?"

काही नाही, ऊन लागलं म्हटलं.

२५ मे

नौतपा आजपासून, रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस. कूलर गरम वारा फेकतोय.

नि.चा फोन. मला! आवाज साखरेत घोळलेला. "दीदी, आपने अपडेट किया ना, तब से मीनू का सिस्टम ठीक नहीं चल रहा. पुराना वाला वापस डाल दो ना. आप तो एक्सपर्ट हो." म्हणजे कळलंय त्याला. आणि मला कळलंय हेही त्याला कळलंय. मी म्हटलं, जुनं टाकणं धोक्याचं आहे. हसला. "धोका तो हर चीज़ में है दीदी."

फोन ठेवल्यावर उशीत तोंड घालून ओरडले. बाबांनी दारावर थाप मारली, टीव्हीचा आवाज आहे म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मिनूचा फोन. "घालून दे ना ताई. त्याले पाह्यचं हाय तर पाहू दे. मी काय चोरी करून राह्यली का? हा हात बरा व्हायचा हाय, दुसरा नको मोडायले."

२७ मे, बुधवार

घातलं.

आत्तापर्यंत कुणाच्या मशीनवर असलं काम केलं नव्हतं. ब्राउझरचं नवं व्हर्जन काढलं, जुनं बसवलं, आपोआप अपडेट होणं बंद केलं. आता कुणी हाताने दाबलं तरच होईल. नि. मागे सोफ्यावर बसून टरबूज खात होता. बिया ताटलीत टाकल्याचा आवाज येत होता. एकदा म्हटलं त्याला, हे दार उघडं टाकल्यासारखं आहे, कुणीही घुसेल. तर म्हणतो, "घर में घुसने वाला मैं ही तो हूँ."

मग उठला, माझ्या खांद्यावरून वाकला आणि पेन ड्राइव्हवरून त्याचं ते एक्स्टेंशन स्वतः बसवलं. तोंडाला टरबुजाचा वास. बॅगेत माझा स्क्रू ड्रायव्हर होता, लांब दांड्याचा. कानाच्या खाली, जबड्याच्या मागे मऊ जागा असते. किती आत जाईल, टरबुजाचं लाल आणि ते लाल एकत्र कसं दिसेल, सगळं बघितलं मी. लिहून ठेवते आहे. खोटं कशाला लिहू.

मिनूने एका हाताने पाणी आणून दिलं. नि. म्हणाला, "थैंक यू बोलो दीदी को." ती म्हणाली.

३० मे

रिसेप्शनवरच्या पोट्टीने अपडेट पुढे ढकललं म्हणून तिच्यावर ओरडले. इतकी की पेशंट उठून उभे राहिले. ती रडली. दुसऱ्यांना दारं लावा म्हणून शिव्या घालते, आणि सख्ख्या बहिणीचं दार मी स्वतः बिजागरीतून काढून दिलं.

मिनूचा फोन: नि. शांत आहे. कुल्फी आणली काल. "पाह्य, झालं ना ठीक?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

४ जून, गुरुवार

शपथ मोडली. आईला सांगितलं. अनारसे तळत होती. ऐकलं, झाऱ्याने एकावर तूप उडवलं, तो निथळून ठेवला. म्हणाली, "दिवाळीले न्हाऊ घालताना पाह्यलं मी. पाठीवर पट्ट्याचे वळ होते."

दिवाळी! म्हणजे इतके महिने.

"मग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? जावई हाय तो. अन् आता अधिक महिना हाय. जेवण होऊन जाऊ दे, मग तुह्या बाबांले सांगू."

हीपण तेच. धोंडा होऊन जाऊ दे. पोरीचा जीव गेला तरी ह्या घरात आधी जेवण होईल. मी अनारशांची परात उचलून भिंतीवर फेकली. आई म्हणाली, अन्न हाय ते. तेव्हा माझा हात उठला. आईवर. वर, खांद्याच्याही वर. आईने डोळे मिटून घेतले, मान आत ओढली, पण बाजूला झाली नाही. मी हात खाली घेतला.

तिथून निघून गच्चीवर आले. हात अजून जड वाटतो आहे. मलाच माझी किळस येते.

जिन्यावरून बघितलं तर आई फरशीवरून तुकडे गोळा करत होती. मग पुन्हा पीठ घेऊन बसली.

७ जून, रविवार. धोंड्याचं जेवण.

क्रमाने लिहिते, नाहीतर राहील.

दोघं अकराला यायची होती. मिनू साडेनऊलाच आली, एकटी, ऑटोने. पाठीवर कपड्यांची सॅक. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अपडेट केलं ताई."

काय?

"त्या कोपऱ्यातलं अपडेटचं बटण लाल होऊन राह्यलं होतं रोज. आज तो आंघोळीले गेला, मी दाबलं. मग ती पट्टी आली. काढून टाकलं. अन् निघाली."

तो मारेल आता, म्हटलं.

"हव. माहीत हाय."

नंतर ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबा जावयाचा पाट पुसत होते. तिने ओढणी काढली, पाठ केली, मागून कुर्ता वर केला. बाबा रेल्वेत होते, रुळावर तुटलेली माणसं बघितलेला माणूस. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तसा मी कधी ऐकला नव्हता. पाट उचलून त्यांनी अंगणात फेकला. फाटकाशी जाऊन आदळला.

नि. आला तो पडलेला पाट ओलांडूनच आला. कडक इस्त्रीचा कुर्ता. दारात आई, हातात औक्षणाचं ताट. बाबा गप्प बसतील असं त्याला वाटलं असावं, हसून नमस्कार केला. तेवढ्यात आत मिनू दिसली. चेहरा बदलला. आईच्या बाजूने आत घुसला आणि सरळ मिनूचं प्लास्टर धरलं. "चल घर." मिनू किंचाळली.

आईने ताट मारलं. तेवत्या निरांजनासकट, तोंडावर. एकदा, मग कडेने पुन्हा. भुवई फुटली. तेल, कुंकू, रक्त, सगळं कुर्त्यावर. मी त्याचे केस धरले, बाबांनी लाथ घातली, म्हातारा माणूस, स्वतःच पडला. नि.ने मला कोपर मारलं, माझा दात हलतो आहे. गल्लीतले दोघंतिघं धावून आले तेव्हा तो सुटला. फाटकाबाहेरून ओरडत होता, "सबको अंदर कराऊँगा!"

आई तशीच उभी. ताट वाकलेलं. मग म्हणाली, "जेवून घ्या सगळे." आणि पुरण वाढलं. मी खाल्लं. चावता येत नव्हतं तरी खाल्लं. दिवाळीपासून काहून थांबली, हे मात्र आईला विचारायचं आहे. विचारणार आहे.

८ जून, सोमवार

सुट्टी टाकली. बाबांची कंबर धरली आहे. नि.ने आमच्याविरुद्ध अर्ज दिला असं शेजारच्या भैयांनी सांगितलं. आम्ही उद्या महिला ठाण्यात जाणार. एक्स्टेंशन काय करतं, कुणी बसवलं, मी सांगणार. जुनं व्हर्जन मी टाकलं हेही सांगावं लागेल. सांगेन.

सही मिनूची लागेल. ती अजून हो म्हणालेली नाही.

दुपारी तिला नि.चा मेसेज आला. फोटो. तिचं मशीन फरशीवर, पडदा फोडलेला, कीबोर्डचे दात विखुरलेले. खाली: "गुस्सा आ गया था. आ जा. नया ला दूँगा."

तिने तो मला दाखवला. नंतर स्वतः पुन्हा वाचला. बराच वेळ वाचत होती. आज तिचे दोन क्लास बुडाले, मुलांचे मेसेज येत आहेत.

मग विचारते, "ताई, नवीन घेतलं तर त्यात पहिलेपासून काही नसते ना?"

मी म्हटलं, मशीनमध्ये नसतं.

तिने मान हलवली. मोबाइल तिच्या हातातच आहे.