कैलासच्या शेतातला ठिपका

१८ फेब्रुवारी
आज पासचा दिवस. सकाळी सहाला उपग्रह वरून गेला असणार, मी अंथरुणातच. त्याने टिपलेलं रडारचं चित्र संध्याकाळी नेटवरून उतरवलं. भैरवगढ़च्या पुढे कैलासचं शेत काळं, आणि मधोमध आमचा पांढरा ठिपका. आहे.

२० फेब्रु.
कैलासचा फोन. शेत विकलं, गहू निघाला की तिथे कॉलनीचे प्लॉट पडणार. "सर, पंद्रह मार्च तक अपना त्रिकोण उठवा लो." हो म्हटलं आणि दिवसभर चिडचिड केली. तीन पत्र्यांचा एक कोपरा, रडारची लाट आली तशी परत धाडणारा, एवढीच वस्तू. नोकरीत असताना प्रयोगासाठी बसवलेला. प्रयोग संपला, ऑफिस विसरलं. मी आणि उषा नाही विसरलो.

२ मार्च
पास. आज मुद्दाम गेलो. पत्रा हळदीकुंकवाने माखलेला, अगरबत्तीची राख. कैलासच्या अम्माचं काम. पूर्वी मी भांडायचो तिच्याशी. उषा म्हणायची, "लावू द्या हो, रडारला कुंकू दिसत नाही." भूगोलाची बाई, पण माझ्या खात्यातल्या पोरांपेक्षा तिला जास्त कळायचं. दर बारा दिवसांनी कॅलेंडरवर गोल. स्कूटरवर मागे बसून यायची, विणायच्या सुईने पाण्याचं भोक मोकळं करायची (पाणी साचलं की ठिपका मंदावतो). येताना पोहे-जलेबी. मग चित्र. ठिपका दिसला की, "बघा, आपण आहोत."
तीन वर्षं झाली तिला जाऊन. फार आठवण येते.

९ मार्च
मुग्धा इंदूरहून आली. म्हणते, बाबा, गच्चीवर बसवू, आईची वस्तू डोळ्यासमोर राहील. लेकीला समजावलं की इथे आपल्या माधव नगरात प्रत्येक भिंत, प्रत्येक टाकी रडारला चमकते. त्या झगमगाटात आपला कुठला, मलाही ओळखता येणार नाही. मोकळ्या शेतातच तो एकटा दिसतो. यावर तिचं म्हणणं, मी हट्टी आहे. असेन.
कैलासचा साढू जागा द्यायला तयार आहे, पण त्याचं शेत घट्टियाच्याही पुढे. हे गुडघे घेऊन दर बारा दिवसांनी तिथवर जाणं माझ्याच्याने व्हायचं नाही. म्हणजे फक्त चित्रातच बघायचा.

१४ मार्च
तिथला शेवटचा पास. गहू निघालेला, नुसती खुंटं. काडीने भोक साफ केलं, सहा वाजता बाजूला उभा राहिलो. वर काही दिसत नाही, कधीच दिसायचं नाही, तरी आम्ही दोघं बघायचो.
चित्रात ठिपका टपोरा. रडलो.

१५ मार्च
सकाळी नट खोलले. एक गंजलेला, कैलासने तोडला. अम्माने नारळ फोडून निरोप दिला. ट्रॉलीत गोधडी घालून वर रिफ्लेक्टर, शेजारी मी. नाक्यावर कैलासने ट्रॅक्टर थांबवला. डावीकडे घर, उजवीकडे घट्टिया.
"किधर लूँ, सर?"
जरा चहा घेऊ, म्हटलं. टपरीवर बसून लिहितोय. उषाला न विचारता मी आजवर काही ठरवलेलं नाही. कैलास घाई करत नाही, भला माणूस. त्याने दुसरा चहा सांगितलाय.