टिटवीचा दिवा

९ जानेवारी, मंगळवार

तीर्थरूप दादा,

नमस्कार. तीर्थरूप लिहिलं म्हणून लगेच फुगू नकोस, इतक्या वर्षांत पत्र कसं सुरू करायचं तेच विसरले होते. तू बरा आहेस ना? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, जिने चढायचा हट्ट सोडा. धाकट्याचा परवा फोन होता. त्याचं नेहमीचंच, आधी ब्लडप्रेशर आणि मग लेकाचं कौतुक. मी ठीक आहे.

फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल. फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि वहिनींच्या हातात देतोस. पत्र तरी तुला स्वतःला वाचावं लागेल.

घराचं सांगते. आईची खोली आवरून झाली. भांडी वाटली, जुन्या गाद्या दिल्या. गवंडी येऊन गेला. आपल्या आणि शेजारच्या घरामधल्या भिंतीवर त्याने खडूने मोठी फुली मारली आणि म्हणाला, "ताई, हिच्यात काही दम नाही. एका दिवसात साफ. मग बघा कसा ऐसपैस हॉल होतो." सोमवारी काम सुरू. शेजारच्या काकूंना न्यायला त्यांचा भाचा रविवारी गाडी घेऊन येतोय. सगळं तू ठरवलंस तसंच चाललंय.

फक्त काकू जात नाही म्हणतात.

घर आपल्याला विकून मोकळ्या झाल्या, सामान बांधलं, आणि आता पलंगावर फतकल मारून बसल्यात. भाचा समजावून थकला. डोकं फिरलंय म्हणावं तर तसंही नाही. पेपर वाचतात, भाच्याच्या बोलण्यातल्या चुका काढतात, माझ्या चहाला नावं ठेवतात. त्याने कारण विचारलं की मात्र तोंडाला कुलूप.

असो. आपला पलंग हलवताना मला एकटीलाच हसू फुटलं. काय धूड आहे रे ते! उगाच नाही जहाज म्हणून चाललं. तू कप्तान, तोही कायमचा, तिथे काही मतं घेतली नव्हती. मी खलाशी. धाकटा कधी माल, तर कधी देवमासा, आणि देवमासा व्हायला सांगितलं की त्याला रडू यायचं. कुकरचं झाकण म्हणजे सुकाणू. काळ्या फरशीवर पाय पडला की माणूस बुडाला, मग आई जेवायला बोलावू दे नाहीतर कोणी मरू दे.

आणि भिंतीपलीकडे काकूंची टिटवी.

तिचं नाव तरी आपण या एवढ्या वर्षांत घेतलं का रे? टिटवी हे नावही तूच ठेवलंस, आवाज चिरका आणि पाय काडीसारखे म्हणून. चिडायची सोडून ती खूश झाली होती. तिचं हृदय अशक्त, अंथरुणातून उठायची बंदी. अशा मुलीला खेळात घ्यायचं कसं, यावर मोठ्या माणसांनी नुसतं हळहळून दाखवलं असतं. तू एका मिनिटात सांगितलंस, "ती दीपगृह." तिचा पलंग याच भिंतीला लागून होता. आपण दोनदा टकटक करायची, दिवा लागलाय का? तिने तीनदा करायची, लागलाय. खेळ संपला की तू भिंतीवर सपाट हाताने एक थाप मारायचास. तो हुकूम. मग ती पलीकडून "विझलाऽऽ" म्हणून अशी काही किंचाळायची की आईच्या हातातलं उलथनं पडायचं. कप्तानाचा हुकूम आल्याशिवाय दिवा विझवायचा नाही, हा नियम तू तिला बजावला होतास. ती नियमाची फार पक्की होती.

ती गेली ते मला आणि धाकट्याला कुणी सांगितलंच नाही. "तिला बरं नाही, दंगा करू नका," एवढंच. संध्याकाळी तू टकटक केलीस आणि पलीकडून तीनदा उत्तर आलं. मग मला कसं कळावं? सगळी सुट्टी आपण खेळलो. मला वाटायचं, आजार वाढलाय म्हणून ओरडत नाही. शाळा सुरू झाल्यावर एक दिवस वर्गातल्या मुलीने सांगितलं, तेव्हा मी तिचे केस ओढले होते. खोटारडी म्हणून.

आता मुद्द्यावर येते. मी इथे राहायला आल्यापासून रोज दिवेलागणीला भिंतीतून तीनदा टकटक ऐकू येते. पहिल्या दिवशी माझ्या हातातली कपबशी फुटली. काकूच असणार हे लगेच कळलं, तरी त्यांच्याकडे जाऊन विचारायला मला आठवडा लागला.

"मीच करते," त्या म्हणाल्या. "रोज करते. तुझ्या आईलाही माहीत होतं."

"पण कशाला, काकू?"

"दिवा चालू आहे ना अजून."

तुला आठवत असेल, काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे दुसरी येऊन बसेपर्यंत बोर्ड सोडायचा नाही, मग घर पेटलं तरी. तिलाही तेच शिकवलं मी. शेवटच्या संध्याकाळी मला म्हणाली, आई, हुकूम आला नाही अजून, मला झोप आली तर तू बघशील? म्हटलं, बघीन. आता हुकूम आल्याशिवाय कशी उठू?"

मी म्हटलं, मी देते हुकूम, आणि मारली भिंतीवर थाप. काकू चक्क हसल्या. "तू खलाशी गं. तुझं कोण ऐकतंय!"

मग त्यांनी तुझं सांगितलं. तिला खाली नेत होते तेव्हा तू जिन्यात उभा होतास. भिंतीला चिकटून, वाट देत. सगळं पाहिलंस. आणि त्याच संध्याकाळी येऊन तू टकटक केलीस. काकू तिच्या रिकाम्या पलंगावर बसल्या होत्या. तुम्हा पोरांना कळू नये म्हणून त्यांनी उत्तर दिलं. तुला ठाऊक होतं की त्या आहेत, त्यांनाही ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे. "रोज यायचा," म्हणाल्या, "पण थाप त्याने परत कधी मारली नाही."

खरंच की रे. मी रात्रभर आठवत बसले. त्या सुट्टीत खेळ कधी संपलाच नाही. आईने हाक मारली की आपण तसेच उठून जायचो. थाप मारली असतीस तर पलीकडून कुणी ओरडलं नसतं, आणि ते तुला ऐकावं लागलं असतं. एवढासा तर होतास तू. मला तेव्हा कळलं असतं तर तुझा हात तरी धरला असता.

आई गेली तेव्हाही तू तेरा दिवस बाहेरच्या खुर्चीत काढलेस, आतल्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस. हॉलसाठी काही तू भिंत पाडत नाहीयेस, दादा. तू तिकडे आणि घण गवंड्याच्या हातात, म्हणजे सुटलो असं तुला वाटतंय. रागावू नकोस. पण खोटं असेल तर तसं लिही.

आजचं लिहायचं होतं म्हणून पत्र घेऊन बसले, आणि इकडचं तिकडचं करत इथवर आले. आज काकूंना मी माझ्याकडे चहाला आणलं. त्यांच्या दाराला कुलूप मीच लावलं, किल्ली माझ्यासमोर टेबलावर होती. त्या एक्स्चेंजमधल्या गमती सांगत बसल्या आणि दोघींचंही वेळेकडे लक्ष राहिलं नाही. बाहेर अंधारून आलं.

आणि भिंतीतून तीनदा टकटक झाली.

काकू बोलता बोलता थांबल्या. कप खाली ठेवला. "मी तर इथे आहे," म्हणाल्या. मग पुन्हा, अगदी हळू, "मी इथे आहे गं." उठून त्यांनी भिंतीला गाल लावला आणि रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "मला वाटत होतं, मीच सांभाळतेय," एवढंच म्हणत राहिल्या.

उंदीर म्हण, पाइप म्हण, बायकांची डोकी फिरली म्हण. मीही सगळं म्हणून पाहिलं. पण दादा, आपण सगळे म्हातारे झालो आणि ती तेवढीच राहिली. तेवढीशी पोर, आणि तू सांगितलंस म्हणून जागी आहे. रविवारच्या आत ये. वहिनींना ऑफिसचं काम आहे म्हणून सांग, काहीही सांग, पण ये. एक थाप मार आणि तिला झोपू दे.

तुझी वाट पाहणाऱ्या,
आम्ही तिघी